मी श्वास मोजत नाही

मित्रांनो, माझं खरं नाव आधी सांगितलं तर तुमच्यातले निम्मे पळून जातील, म्हणून लाडाच्या नावापासून सुरुवात करतो. मला सगळे ‘चिमटा’ म्हणतात. वाळत घातलेल्या कपड्यांना लावतात तसाच मी दिसतो, फक्त माझ्या पोटात दिवे आहेत आणि कपाळावर आकडे उमटतात. खरं नाव पल्स ऑक्सिमीटर. मी एक जुना पल्स ऑक्सिमीटर आहे. एका मोठ्या रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, चोवीस बेडच्या वॉर्डमध्ये मी नोकरीला आहे. माझ्या एका कडेला चीर गेली आहे आणि तिच्यावर पांढरी चिकटपट्टी लावली आहे. ती पट्टी सुटली की कुणी ना कुणी नवी लावतं, त्यावरून मी अजून कामाचा आहे असं मी धरून चालतो.

तुम्ही म्हणाल, जुनी वस्तू आहे, आता रडगाणं गाणार. तसं काही नाही. माझं बरं चाललं आहे. पण एका दुपारी माझ्या कपाळावरच्या आकड्यामुळे एका माणसाचा जीव जायची वेळ आली होती. गंमत म्हणजे तो आकडा चुकीचा नव्हता, अगदी बरोबर होता. बरोबर आकड्यानं असा घोटाळा कसा होतो, ते तुम्हाला नीट सांगावं म्हणून आज हा खटाटोप.

माझा जन्म एका कारखान्यातला. लांबच लांब टेबल, त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरे झगे घातलेली माणसं, आणि शिंक आली तर बाहेर जाऊन शिंकायचा नियम. तिथल्या एका बाईंनी माझ्या वरच्या ओठात दोन दिवे बसवले. एक लाल, जो तुम्हाला दिसतो. दुसरा तुमच्या डोळ्यांना दिसतच नाही. खालच्या ओठात त्यांनी एक बारीकशी खिडकी बसवली. मध्ये बोट ठेवलं की दिव्यांचा उजेड बोटातून आरपार जातो आणि त्या खिडकीवर पडतो. रक्तात ऑक्सिजन भरपूर असला की रक्त लालभडक असतं, कमी झाला की काळपट होतं. उजेडावरून मी तो फरक ओळखतो आणि शंभरातलं किती रक्त ऑक्सिजन घेऊन चाललं आहे ते सांगतो. ठोक्याठोक्याला बोटात रक्त येतं, त्यामुळे नाडीही मोजता येते. बस्स, एवढंच येतं मला. पण जे येतं ते मन लावून करतो.

आमच्या घराण्याची शाळा मोठी गमतीची होती. धडधाकट माणसांना बोलावून त्यांना थोडी थोडी विरळ हवा द्यायची, त्यांचं रक्त तपासायचं, आणि आमच्या दिव्यांना सांगायचं, ‘हा रंग दिसला की नव्वद म्हण, हा दिसला की ऐंशी.’ पण त्या बिचाऱ्यांना फार खाली कसं नेणार? त्यामुळे सत्तरच्या खाली मी जे सांगतो ते बरंचसं अंदाजपंचे असतं. शिवाय त्यातली बहुतेक बोटं गोऱ्या माणसांची होती. म्हणून काळ्यासावळ्या बोटावर मी कधी कधी दोनचार आकडे चढवून सांगतो. यातलं बरंचसं माझ्या खोक्यातल्या पुस्तिकेत बारीक अक्षरात लिहिलं होतं. वॉर्डमध्ये आल्या आल्या त्या पुस्तिकेची घडी झाली आणि ती औषधांच्या टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली गेली. टेबल त्या दिवसापासून हलायचं थांबलं.

वॉर्डमध्ये माझं स्वागत मात्र पाहण्यासारखं झालं. पेशंट राहिले बाजूला, आधी सगळ्यांनी आपापली बोटं घातली. फरशी पुसणाऱ्या मावशींचे नव्व्याण्णव आले. वॉर्ड सांभाळणाऱ्या मोठ्या सिस्टरचे अठ्ठ्याण्णव. वॉर्डच्या डॉक्टरांचे सत्त्याण्णव आले, तेव्हा मावशींनी त्यांना दिवसभर चिडवलं. “नापास नाही झालात डॉक्टर, पण अभ्यास वाढवा.” डॉक्टरांनी बोट पुसून पुन्हा घातलं, पुन्हा सत्त्याण्णवच. पंच्याण्णवच्या वर बहुतेक सगळेच ठणठणीत असतात, त्यात पहिला-दुसरा नंबर नसतो, हे मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण मला आवाज एकच येतो, टीट टीट. माझा आकडा म्हणजे परीक्षेतले मार्क, असं वॉर्डनं त्या दिवशी मनाशी धरलं ते धरलंच.

या डॉक्टरांबद्दल थोडं सांगतो, कारण पुढे त्यांचं काम आहे. पेशंट आपसात त्यांना ‘घाईडॉक्टर’ म्हणत. एका बेडपाशी पोचायच्या आत ते पुढच्या बेडकडे निघालेले असत. उभ्या उभ्या जेवत आणि चालता चालता सही करत. मनानं फार चांगले होते. कुणाचं दुखत असेल तर त्यांना बघवत नसे. मी त्यांच्या हातात आल्यावर त्यांना सोनं सापडल्यासारखं झालं. बोटाला लाव, आकडा बघ, पुढे चल.

सुरुवातीच्या दिवसांत माझी आणि वॉर्डची नीट ओळख व्हायला वेळ लागला. एका बाईंच्या बोटांना गडद निळं नेलपॉलिश होतं. त्यातून उजेड नीट जाईना आणि मी भलतंच काही सांगू लागलो. तीन माणसं धावत आली, आणि त्या बाई खाटेवर बसून मासिक वाचत होत्या. एका आजोबांची बोटं बर्फासारखी गार होती. गार बोटात रक्त धड येत नाही, मग मला काय दिसणार? मी नुसत्या रेघा दाखवल्या, तर माझे सेल बदलले. एकदा तर ज्या हाताला मी होतो त्याच हाताला बीपीचा पट्टा बांधला. पट्टा फुगला की रक्त थांबे आणि मी गप्प होई, पट्टा सैल झाला की पुन्हा बोलू लागे. दर दहा मिनिटांनी हा खेळ. शेवटी माझ्या पाठीत दोन धपाटे बसले. चूक कुणाची आणि मार कुणाला, पण मी मनात ठेवलं नाही.

या सगळ्या चुका लगेच कळत आणि सगळे हसून मोकळे होत. एक चूक मात्र अशी होती की ती कुणाला चूक वाटतच नव्हती.

प्रत्येक बेडच्या पायथ्याशी एक चार्ट लटकत असे. त्यावर ताप, नाडी, बीपी, श्वास आणि ऑक्सिजन असे रकाने. मी येण्यापूर्वी श्वास मोजायला पूर्ण एक मिनिट लागायचं. मोठ्या सिस्टरची त्यात हातोटी होती. त्या पेशंटचं मनगट धरत, जणू नाडीच बघताहेत, आणि गुपचूप त्याच्या छातीकडे लक्ष ठेवत. कारण आपला श्वास मोजताहेत हे कळलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. हे वाचताना तुम्हीही घ्यायला लागला असाल.

मी आल्यावर ते मिनिट वाचलं. चिमटा ऑक्सिजन चांगला दाखवतो आहे ना, मग श्वास नीट चाललाच असणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. चार्टचा रकाना तर रिकामा ठेवता येत नाही, मग तिथे अठरा लिहायचा रिवाज पडला. अठराच का? बारा लिहिले तर कमी वाटतात, चोवीस लिहिले तर कुणीतरी चौकशी करतं. अठराच्या वाटेला कुणी जात नाही. बेड एक अठरा, बेड दोन अठरा, बेड तीन अठरा. चोवीस माणसं एका तालात श्वास घेत होती. एकदा बेड अकराचे आजोबा सकाळीच घरी गेले, तरी दुपारच्या चार्टवर त्यांच्या रिकाम्या गादीचे श्वास अठरा. मावशींनी ते वाचलं आणि ती गादी झटकायला दुसऱ्या कुणालातरी पाठवलं.

यात कुणी कामचुकार होतं असं समजू नका. चोवीस बेडना तीन सिस्टर, त्यातली एक कायम औषधं आणायला खाली गेलेली. चोवीस मिनिटं वाचत असतील तर कोण नको म्हणेल? आणि खरं सांगायचं तर मीही फुशारलो होतो. माझ्यामुळे वॉर्डचं काम हलकं झालं असं मला वाटे.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं सगळं समजेल. श्वास दोन कामं करतो. ताजी हवा आत आणतो आणि वापरलेली हवा बाहेर टाकतो. मला फक्त पहिलं काम दिसतं. घरात भाजी आली का, हे मी सांगतो. घरातला केर बाहेर गेला का, हे मला कळत नाही. नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क असेल तर माणसानं मिनिटाला पाचसहाच श्वास घेतले तरी बराच वेळ भाजीला तोटा पडत नाही. केर मात्र साठत जातो. साठलेल्या केरानं गुंगी येते, गुंगीनं श्वास आणखी मंद होतो, आणि मी आपला कपाळावर अठ्ठ्याण्णव मिरवत बसलेला असतो.

आता त्या दुपारची गोष्ट.

बेड सातवर एका शाळेतले पीटीचे सर होते. सामानाच्या खोलीतून चेंडू काढताना शिडीवरून पडले आणि मांडीचं हाड मोडून घेतलं. सकाळी ऑपरेशन झालं आणि जेवणाच्या सुमाराला त्यांना वॉर्डमध्ये आणलं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, हाताला सलाईन, आणि दुसऱ्या हाताच्या बोटाला मी. तो हात त्यांच्या पोटावर ठेवला होता, त्यामुळे प्रत्येक श्वासाला मी वर जायचो आणि खाली यायचो. छान झोके मिळत होते. सर जोरजोरात घोरत होते. शेजारी स्टुलावर त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. सगळे त्यांना काकू म्हणत. दोन दिवसांच्या जागरणानं त्यांचाही डोळा लागला.

सरांना दुखू नये म्हणून एक इंजेक्शन ऑपरेशनच्या खोलीत दिलं होतं. वॉर्डमध्ये ते घोरता घोरता मध्येच जागे होऊन कण्हू लागले, म्हणून दुसरं दिलं. दोन्ही कागदावर लिहिलेली होती आणि दोन्ही नियमाप्रमाणे होती. पण प्रत्येक शरीराचा हिशेब निराळा असतो. दुसऱ्या इंजेक्शननंतर माझे झोके हळू झाले. एकदा वर गेलो, खाली आलो, आणि मग कितीतरी वेळ तसाच. पुन्हा एकदा वर. घोरणं तर पार थांबलं होतं.

काकूंना जाग आली ती आवाजानं नाही, आवाज बंद झाल्यानं. त्या सरांकडे टक लावून बघत राहिल्या. मग बेड पाचवरून बेड सहाकडे निघालेल्या घाईडॉक्टरांना त्यांनी गाठलं.

“डॉक्टर, जरा बघता का? हे घोरायचे थांबलेत.”

“चांगलंच झालं की काकू. आता तुम्हीही झोपा थोडं.”

“चांगलं कसलं? अठ्ठावीस वर्षं ऐकतेय मी. यांचा श्वास असा नसतो. एक झाल्यावर मी मनात दहापर्यंत आकडे म्हटले, तेव्हा कुठे दुसरा आला.”

घाईडॉक्टर आले. खरंच आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा सैल झाला. “हे बघा, अठ्ठ्याण्णव. शंभरात अठ्ठ्याण्णव, काकू. सरांनी तरी शाळेत कुणाला इतके दिलेत का?” काकूंना बरं वाटावं म्हणूनच ते असं बोलले. मग बेड आठकडे गेले.

मित्रांनो, मला त्या वेळी मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी खोटं बोलत नव्हतो. सरांचं रक्त लालभडकच होतं. पण त्यांच्या पोटावर बसून मला कळत होतं की झोके थांबत आले आहेत, आणि ते सांगायला माझ्याकडे आकडा नव्हता. माझा खरा आकडा सरांच्या अंगावर पांघरुणासारखा पडला होता आणि त्याखाली काय चाललंय ते कुणी बघत नव्हतं.

काकू काही गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. टेबलाशी मोठ्या सिस्टर औषधांची वही लिहीत होत्या, तिथे त्या गेल्या आणि सिस्टरना हाताला धरून घेऊन आल्या. सिस्टरची नजरही आधी माझ्याकडेच गेली. तीस वर्षांच्या नोकरीची बाई, पण सवयच तशी पडली होती.

“अठ्ठ्याण्णव आहेत,” सिस्टर म्हणाल्या. “डॉक्टर बघून गेले ना?”

“त्या चिमट्याला बघून गेले,” काकू म्हणाल्या. “सिस्टर, यांच्याकडे बघा ना कुणीतरी.”

सिस्टरनी मान वळवली. माझ्यावरून नजर काढून त्यांनी सरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग माझ्या शेजारी, सरांच्या पोटावर आपला तळवा ठेवला आणि छातीवर लटकणारं घड्याळ वर उचललं. मिनिट किती मोठं असतं ते मला त्या दिवशी कळलं. पहिला श्वास. काकू पदराचं टोक पिळत होत्या. दुसरा श्वास. पलीकडे कुणीतरी औषधाची बाटली खाली ठेवली. तिसरा येतो की नाही असं वाटलं, आणि आला. मिनिट संपलं तेव्हा सहा झाले होते.

सिस्टरनी सरांचे खांदे हलवले, हाका मारल्या. सर जागे होईनात. पापणी उघडून पाहिलं तर डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. दुखण्यावरचं ते इंजेक्शन अंगाला जास्त झाल्याची ती खूण.

“डॉक्टर, बेड सातला या. आधी या, मग विचारा.”

घाईडॉक्टर आले आणि आल्या आल्या म्हणाले, “सॅच्युरेशन किती?”

“अठ्ठ्याण्णव.”

“मग काय झालं?”

“श्वास सहा. मी मोजलेत.”

डॉक्टरांनी पहिल्यांदा सरांच्या छातीकडे पाहिलं. मग मात्र त्यांची घाई कामाला आली. सरांची हनुवटी वर उचलून त्यांनी श्वासाची वाट मोकळी केली, हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी जवळ घेतली, आणि भूल देणाऱ्या मॅडमना बोलावणं धाडलं. त्या इंजेक्शनवरचा उतारा वॉर्डमध्ये नव्हता, वरच्या मजल्यावर मॅडमच्या कपाटात होता. तो येईपर्यंतची चार मिनिटं काढायची होती.

या औषधाच्या गुंगीत एक विचित्र गोष्ट असते. माणूस श्वास घ्यायला विसरतो, पण कुणी सांगितलं तर घेतो. “सर, श्वास घ्या,” सिस्टर म्हणाल्या. सरांनी घेतला. मग पुन्हा विसरले. पुन्हा सांगितलं, पण या वेळी उपयोग झाला नाही. डॉक्टर पिशवी तोंडावर ठेवणार, इतक्यात काकू पुढे झाल्या.

“असं हळू बोलून यांना नाही समजत,” त्या म्हणाल्या. त्यांनी कंबरेवर हात ठेवले आणि सर मैदानावर लावत तसा खणखणीत आवाज लावला. “श्वास आत. श्वास बाहेर. आत. बाहेर.”

सरांची छाती वर आली. मी वर गेलो. छाती खाली गेली, मी खाली आलो. काकूंचा आवाज असा काही होता की बेड सहाच्या आजोबांनीही श्वास घेतला. प्लास्टरमधला बेड आठही घेऊ लागला. मावशी पुसणं हातात धरून दारात उभ्या राहिल्या आणि आत-बाहेर करू लागल्या. एकदोन मिनिटांत सगळा वॉर्ड काकूंच्या हुकमावर श्वास घेत होता, आणि हसावं की रडावं ते कुणालाच कळत नव्हतं. एखादा श्वास चुकला की डॉक्टर पिशवी दाबत, पण ती दोनदाच दाबावी लागली.

मॅडम जिन्यानं धावत आल्या. पायात ऑपरेशनच्या खोलीतल्या हिरव्या चपला, त्याही एक इकडची आणि एक तिकडची. त्यांनी उतारा थोडा थोडा करून सलाईनमधून दिला. माझे झोके आपोआप वाढले. सरांनी डोळे उघडले, काकूंकडे पाहिलं आणि मास्कच्या आतून म्हणाले, “ओरडतेस काय? ऐकू येतंय मला.”

काकू मटकन स्टुलावर बसल्या आणि मग हसत हसतच रडल्या. उतारा लवकर ओसरतो म्हणून मॅडम पुढचे दोन तास बेडपाशीच थांबल्या.

संध्याकाळी घाईडॉक्टर काकूंच्या शेजारी येऊन उभे राहिले. “काकू, माझं चुकलं,” ते म्हणाले.

“त्याचा आकडा खोटा होता का हो?” काकूंनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं.

“नाही. खरा होता. पण मी त्याला जे विचारलं ते त्याला माहीतच नव्हतं.”

तेवढ्यात मोठ्या सिस्टर बेड सातचा चार्ट घेऊन आल्या. दुपारी तीनची नोंद होती. श्वास अठरा. “हे अक्षर माझं आहे, डॉक्टर,” त्या म्हणाल्या. “तुम्ही बघितलं नाहीत, आणि मी तर न बघता लिहिलं.” त्यांनी ते खोडून टाकलं नाही. त्यावर एक रेघ मारली, बाजूला ‘मोजले नव्हते’ असं लिहिलं आणि खाली सही केली. माझ्या नोकरीत मी खूप सह्या पाहिल्या, पण तशी दुसरी पाहिली नाही.

पुढच्या आठवड्यात भूलवाल्या मॅडमनी सगळ्यांची परीक्षा घेतली. चहाच्या वेळी, दहा प्रश्न, माझ्याबद्दलचे. नाव लिहायचं नाही आणि शेजाऱ्याचं बघायचं नाही. मोठे डॉक्टर, लहान डॉक्टर, सिस्टर, सगळे बसले. मॅडमनी उत्तरं मोठ्यानं वाचली आणि वॉर्डभर हशा पिकला. ऑक्सिमीटर काय मोजतो, याला कुणी ‘श्वास’ लिहिलं होतं, कुणी ‘फुप्फुसांची ताकद’, आणि एकानं नुसतं ‘तब्येत’. नेलपॉलिश असेल तर काय करावं, याचं उत्तर होतं, ‘पेशंटला समज द्यावी.’ निम्म्याहून जास्त लोक दहात पाचच्या खाली होते. घाईडॉक्टरांनी आपले तीन आलेत हे आपणहून सांगितलं. “मावशी, मी नापास,” ते म्हणाले, आणि मावशींनी त्यांना चहा थोडा जास्त दिला.

मॅडमचंही एक उत्तर चुकलं. किती आकड्यापर्यंत माझ्यावर भरवसा ठेवावा, हे त्यांनी स्वतःच चुकीचं सांगितलं. मोठ्या सिस्टरना शंका आली. त्या वाकल्या, टेबलाच्या पायाखालून माझी पुस्तिका ओढून काढली, धूळ झटकली आणि बारीक अक्षर वाचून दाखवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी ते वाचलं. टेबल पुन्हा डुगडुगू लागलं, त्याखाली आता जुनं कॅलेंडर घातलं आहे.

त्या दिवसापासून वॉर्डमध्ये माझा नंबर दुसरा लागतो. आधी पूर्ण मिनिटभर छाती, मग चिमटा. उताऱ्याची कुपी आता वॉर्डच्याच कपाटात असते. पेशंटना या बदलाची सवय व्हायला वेळ लागला. घाईडॉक्टर पहिल्यांदा स्टूल ओढून एका आजोबांपाशी बसले, तेव्हा आजोबांचा चेहराच उतरला. “डॉक्टर, फार गंभीर आहे का? तुम्ही बसलात म्हणून विचारलं.” आता चार्टवर चौदा दिसतात, बावीस दिसतात, सतरा दिसतात. मध्यंतरी एका बाईंचे खरोखरच अठरा आले, तर सिस्टरनी कुणाचा विश्वास बसणार नाही म्हणून दुसऱ्या सिस्टरना बोलावून पुन्हा मोजले.

मला वाईट वाटतं का, असं विचाराल. अजिबात नाही. पूर्वी मला नुसतं वाचत. आता मला लावण्यापूर्वी बोट चोळून गरम करतात, माझी खिडकी पुसतात, नखं बघतात, आणि माझ्या कपाळावरची ठोक्यांची रेघ नीट उड्या मारते आहे ना हे पाहूनच आकडा लिहितात. जे मला येतं तेवढंच मला विचारतात. कामाच्या माणसाला याहून मोठा मान कोणता?

आठव्या दिवशी सर घरी निघाले. एका बाजूला कुबडी, दुसऱ्या बाजूला काकू. मोठ्या सिस्टरनी त्यांच्या बोटावरून मला शेवटचं काढलं. “घरी एक असा चिमटा घेऊन ठेवा,” घाईडॉक्टर म्हणाले. काकूंनी मला हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, “घेऊ की. चांगला आहे बिचारा. पण याला यांच्याजवळ ठेवून मी बाजारात नाही जायची.” डॉक्टर मान हलवत हसले.

तर मित्रांनो, तुमच्याही घरी माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला फेकू नका, पाण्यात बुडवू नका, वापर नसेल तेव्हा सेल काढून ठेवा. कुणाला बरं नसेल तर त्याला जरूर बोटाला लावा, तो खरं तेच सांगेल. पण आकडा वाचून लगेच उठू नका. एक मिनिट तिथेच बसा आणि त्या माणसाकडे बघा. पीटीचे सर आठव्या दिवशी कुबडी टेकत घरी गेले ते सिस्टरनी मोजलेल्या त्या एका मिनिटामुळे, माझ्यामुळे नव्हे.